किंबर्लीचे बरे न होणारे 'टीबी'चे पेशंट : मेसोथेलिओमाच्या निदानाचा प्रकरण अभ्यास

दक्षिण आफ्रिकेतलं किंबर्ली हे हिऱ्यांच्या खाणींचं गाव. 1950च्या दशकात तिथल्या वेस्ट एंड हॉस्पिटल या टीबीच्या रुग्णालयाचे प्रमुख होते डॉ. सी. ए. स्लेग्ज. आजूबाजूचा मुलुख कोरडा, विरळ वस्तीचा. त्यामुळे पूर्वेकडचे काय आणि पश्चिमेकडचे काय, पेशंट याच रुग्णालयात भरती होत. स्ट्रेप्टोमायसिन हाताशी आलं होतं, 1952 मध्ये आयसोनियाझिडची भर पडली आणि टीबीचे पेशंट बरे होऊन आपल्या पायांनी घरी जाऊ लागले. सगळे मात्र नाही. छातीत पाणी झालेले काही पेशंट औषधं घेऊनही खालावतच जात. पाणी काढलं की थोडे दिवस बरं, मग पुन्हा दम, छातीत ठसठस, वजन उतरणं आणि शेवट. स्लेग्जच्या लक्षात आलं की औषधांना दाद न देणारे हे पेशंट किंबर्लीच्या पश्चिमेकडून येतात. पूर्वेकडच्यांना तीच औषधं लागू पडत होती.

यात एक बारकावा आहे. औषधं नव्हती तेव्हा टीबीचे पेशंट असेही मरत, तसेही मरत. कोण कशाने गेला हे वेगळं काढायची गरज कुणाला वाटली नसती. औषधं चालायला लागली तेव्हाच न चालणारे पेशंट उठून दिसले. म्हणजे उपचारांनीच निदानावर शंका घेतली.

मेसोथेलिओमाचं निदान डॉक्टर कसं करतात हे समजावून सांगायला मला याहून चांगलं प्रकरण सापडत नाही. आज ज्या ज्या ठिकाणी हे निदान अडतं, ती सगळी ठिकाणं किंबर्लीच्या गोष्टीत आहेत. यंत्रं बदलली, चुकायच्या जागा त्याच राहिल्या.

आधी रोगाविषयी थोडं. फुप्फुसाच्या बाहेरून आणि छातीच्या पिंजऱ्याच्या आतून एक पातळ पडदा असतो, त्याला फुप्फुसावरण किंवा प्लुरा म्हणतात. पोटातल्या अवयवांवरही असाच पडदा असतो. या पडद्याच्या पेशींचा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा. बहुतेक वेळा तो छातीत होतो, कमी वेळा पोटात. मुख्य कारण ॲस्बेस्टॉस हे धागेदार खनिज. हा फुप्फुसाचा कॅन्सर नव्हे, आणि बिडी-सिगारेटचा याच्याशी संबंध नाही. 'आयुष्यात कधी सिगारेट ओढली नाही हो' असं सांगणाऱ्या माणसालाही तो होतो.

टीबीच का वाटला

स्लेग्ज किंवा त्यांच्या आधीचे डॉक्टर निष्काळजी होते असं मानलं तर प्रकरण समजणारच नाही. टीबी वाटणं अगदी रास्त होतं. खोकला, दम, बारीक ताप, भूक मंदावलेली, एक्सरेत एका बाजूला पाणी. सुईने पाणी काढलं तर ते पिवळसर, प्रथिनं जास्त, लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी भरपूर. टीबीच्या पाण्याचं वर्णनही हेच. बरं, पाण्यात टीबीचे जंतू सापडले नाहीत म्हणून टीबी नाही असंही म्हणता येत नाही, कारण फुप्फुसावरणाच्या टीबीत पाण्यातले जंतू इतके कमी असतात की बहुतेक वेळा ते दिसतच नाहीत. थोडक्यात, जंतू न सापडणं हे टीबीशीही जुळतं आणि टीबी नसण्याशीही. ज्या भागात टीबी घरोघरी आहे तिथे डॉक्टर साहजिकच टीबीकडे झुकतो.

यात आणखी एक फसगत आहे, आणि छातीचे डॉक्टर सोडले तर तिच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. मेसोथेलिओमात सुरुवातीला पाणी होतं, पण गाठ वाढत गेली की फुप्फुसावरणाचे दोन थर एकमेकांना चिकटतात आणि पाण्याला जागाच उरत नाही. पाणी आपोआप कमी होतं. पेशंट तेव्हा टीबीच्या गोळ्या घेत असेल तर नातेवाईकही म्हणतात आणि डॉक्टरही: पाणी सुकलं, औषध लागू पडलं. एक्सरेवर पाण्याची रेघ खरंच खाली गेलेली असते. त्या जागी जाड थर आलेला असतो आणि तो जुन्या टीबीचा व्रण समजला जातो. दम मात्र कमी होत नाही, दुखणं वाढतं, आणि छातीची ती बाजू श्वासागणिक हलेनाशी होते. पाणी गेलं आणि माणूस सुधारला नाही, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की कान टवकारायला हवेत.

1956चं शवविच्छेदन

जोहान्सबर्गला न्यूमोकोनिओसिस रिसर्च युनिटमध्ये क्रिस्टोफर वॅगनर नावाचे तरुण पॅथॉलॉजिस्ट होते. खाणीच्या धुळीने होणारे फुप्फुसाचे आजार हा त्या संस्थेचा विषय. 1956च्या सुरुवातीला त्यांनी एका माणसाचं शवविच्छेदन केलं. कागदावर निदान होतं टीबीचा प्लुरसी, म्हणजे टीबीने आलेली फुप्फुसावरणाची सूज. छाती उघडल्यावर आत जेलीसारख्या बुळबुळीत गाठीचा भला मोठा गोळा निघाला. फुप्फुसाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर त्यात ॲस्बेस्टॉस बॉडी दिसल्या.

ही ॲस्बेस्टॉस बॉडी एकदा पाहिली की विसरत नाही. मध्ये ॲस्बेस्टॉसचा एक सरळ, बारीक, पारदर्शक धागा. शरीराला तो गिळता येत नाही की विरघळवता येत नाही, म्हणून त्याच्याभोवती लोह आणि प्रथिनांचं आवरण चढतं. ते सोनेरी-तपकिरी दिसतं, कुठे जाड कुठे बारीक, आणि दोन्ही टोकांना फुगीर. लोहाचा निळा रंग लावला की हे आवरण निळं होतं. ही खूण फुप्फुसात सापडली म्हणजे माणसाच्या श्वासातून ॲस्बेस्टॉस आत गेलं होतं हे नक्की. त्यामुळेच गाठ झाली हे मात्र त्या एका खुणेने सिद्ध होत नाही.

वॅगनर, स्लेग्ज आणि छातीचे सर्जन पॉल मर्चंड यांनी मग आपापल्याकडचे धागे जुळवायला घेतले. पहिली अडचण रोगाच्या अस्तित्वाचीच होती. फुप्फुसावरणाचा स्वतःचा असा कॅन्सर असतो, हे न्यूयॉर्कच्या क्लेम्पेरर आणि रेबिन यांनी 1931 मध्ये मांडलं होतं. पण सगळ्यांना ते पटलं नव्हतं. रूपर्ट विलिस यांच्यासारख्या दबदबा असलेल्या पॅथॉलॉजिस्टचं म्हणणं असं, की या गाठी दुसरीकडच्या, बहुधा फुप्फुसातल्याच न सापडलेल्या कॅन्सरमधून पसरून आलेल्या असतात. हा आक्षेप हट्टाचा नव्हता. फुप्फुस, स्तन, बीजांडकोश अशा कितीतरी ठिकाणचे कॅन्सर फुप्फुसावरणावर पसरतात, आणि साध्या रंगाच्या स्लाइडवर ते मेसोथेलिओमासारखेच दिसू शकतात. खुद्द मेसोथेलिओमा कधी ग्रंथींसारखा दिसतो, कधी लांबट पेशींचा, कधी दोन्हीचं मिश्रण. 'ही गाठ इथलीच आहे, पाहुणी नाही' हे ठरवायचं कसं, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे.

वॅगनर यांच्या गटाने त्यावर रसायनशास्त्राचा आधार घेतला. मेसोथेलिओमाच्या काही गाठी हायलुरॉनिक ॲसिड तयार करतात. पेशंटचं पाणी कधी कधी चिकट असतं ते त्यामुळे. स्लाइडवर त्याचा रंग घ्यायचा, दुसऱ्या स्लाइडवर हायलुरॉनिक ॲसिड पचवणारं एन्झाइम टाकून पुन्हा तोच रंग द्यायचा. दुसऱ्या स्लाइडवर रंग गायब झाला तर पदार्थ हायलुरॉनिक ॲसिडच होता. ही पद्धत त्यांनी 1962 मध्ये प्रसिद्ध केली. आज ती मागे पडली आहे, पण विचार तोच आहे: गाठ दिसते कशी यावर थांबू नका, ती काय बनवते ते पाहा.

पत्ता हीच तपासणी

दुसरं काम जास्त कष्टाचं होतं. पेशंट किंवा त्याच्या घरच्यांना गाठून विचारायचं: जन्म कुठला? लहानपण कुठे गेलं? वडील काय करत? आई काय करत? घर कशाजवळ होतं?

किंबर्लीच्या पश्चिमेला प्रिस्का ते कुरुमानच्या पट्ट्यात डोंगरांची रांग आहे. तिचं नावच ॲस्बेस्टॉस हिल्स. तिथे क्रोसिडोलाइट म्हणजे निळं ॲस्बेस्टॉस मिळतं. 1890च्या दशकापासून ब्रिटिश कंपनी ते काढत होती. दगडातून धागा सुटा करायला तो हातोडीने ठेचावा लागे. हे काम बायका आणि पोरं करत, तान्ही मुलं शेजारी ठेवून. टाकाऊ धुळीचे ढीग वस्तीला लागून, आणि मुलं त्यांच्यावर खेळत.

त्यामुळे तिघांच्या यादीत नुसते खाणकामगार नव्हते. गृहिणी होत्या, घरकाम करणाऱ्या बायका होत्या, गुराखी, शेतकरी, अगदी विमा एजंटसुद्धा. यांतल्या कुणाच्याही केसपेपरवर 'व्यवसाय' या रकान्यात ॲस्बेस्टॉस आलं नसतं. ते विमा एजंट होते हे खरंच होतं. पण निर्णायक गोष्ट घडली होती ती त्यांच्या पोरवयात. धागा आत गेल्यापासून रोग दिसेपर्यंत साधारण 20 ते 40 वर्षं जातात, कधी त्याहून जास्त. म्हणून आजचा धंदा विचारून काही हाती लागत नाही.

1960 मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ इंडस्ट्रियल मेडिसिन'मध्ये त्यांचा लेख आला. 33 पेशंट, 22 पुरुष, 11 स्त्रिया, वयं 31 ते 68. एक सोडून सगळ्यांचा निळ्या ॲस्बेस्टॉसशी संबंध आल्याची शक्यता होती, आणि बहुतेकांचा तो त्या डोंगरांतला. 31 हे वय पाहा. इतक्या उशिरा उगवणारा रोग तिशीत दिसतो म्हणजे धूळ पाळण्यातच भेटली असणार. आणि तो जो 'एक सोडून' आहे, तो त्यांनी लपवला नाही याचं मला कौतुक वाटतं. ॲस्बेस्टॉसचा मागमूस लागत नाही असे पेशंट आजही असतात. संपर्काचा इतिहास नसला म्हणून निदान बाद होत नाही, आणि इतिहास असला म्हणून सिद्धही होत नाही. त्याने शंका बळावते, इतकंच. पण तेवढंही पुष्कळ असतं.

लंडनमध्ये न्यूहाउस आणि थॉम्पसन या संशोधकांनी 1965 मध्ये हाच प्रश्न घेऊन जुन्या फायली चाळल्या. कारखान्यात काम केलेले सापडले, ते अपेक्षितच होतं. पण कामगारांच्या घरचे लोकही सापडले. नवऱ्याचे धुळीने भरलेले कामाचे कपडे घरी झटकून धुणाऱ्या बायका त्यांत होत्या. शिवाय स्वतः काम न केलेले, घरातलं कुणी कामाला नसलेले, फक्त कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहिलेलेही होते. तुर्कस्तानातल्या कॅपाडोसियात तर ॲस्बेस्टॉसच नव्हतं. कराइन, तुझक्यॉय अशा गावांत मेसोथेलिओमाने माणसं जात होती, आणि कारण निघालं घरं बांधायच्या दगडातलं एरिओनाइट नावाचं धागेदार खनिज.

आपल्याकडच्या ओपीडीत हा संवाद कसा होतो ते कुणालाही माहीत आहे.

'काय करता काका?'

'रिटायर.'

आणि केसपेपरवर 'सेवानिवृत्त' लिहून पान उलटतं. बाईमाणूस असेल तर 'गृहिणी'. खरं तर पुढचे दोनच प्रश्न विचारायचे असतात: रिटायर व्हायच्या आधी काय केलं, आणि त्याच्याही आधी? ब्रेक लायनिंगच्या कारखान्यात, बॉयलरच्या पाइपांना आवरण चढवण्याच्या कामावर, जहाजांच्या इंजिनरूममध्ये, सिमेंटचे पत्रे बनवायच्या किंवा कापायच्या कामावर, जहाजं तोडायच्या यार्डात? मुंबईत रे रोडजवळ दारुखान्याला जुनी जहाजं तोडायचं काम वर्षानुवर्षं चालत आलं आहे, आणि जुन्या जहाजाच्या पाइपांवर, बॉयलरवर ॲस्बेस्टॉस असायचंच. बाईंना विचारायचं: तुमचे मिस्टर काय करायचे, कपडे घरी धुवायचात का? याला दोन मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत.

आज तोच पेशंट आला तर

समजा, स्लेग्जच्या वॉर्डातला तोच पेशंट आज आपल्याकडच्या छातीच्या डॉक्टरांपुढे बसला आहे. साठीच्या पुढचा, एका बाजूला पाणी, दम, दुखणं.

एक्सरेवर पाणी दिसेल. नजर असलेला डॉक्टर आणखी दोन गोष्टी पाहील. एवढं पाणी असताना हृदय आणि श्वासनलिका दुसऱ्या बाजूला ढकलली जायला हवी. ती जागची हलली नसेल किंवा उलट रोगाच्या बाजूलाच ओढली गेली असेल, तर फुप्फुसाला आतून कशाने तरी आवळलं आहे. दुसरी गोष्ट, फुप्फुसावरणावर, खास करून छाती आणि पोटाच्या मधल्या श्वासपटलापाशी, कॅल्शियमचे चट्टे. हे चट्टे कॅन्सर नाहीत आणि त्यांचा कॅन्सर होत नाही. पण ते ॲस्बेस्टॉसच्या जुन्या संपर्काची पावती असतात, आणि पेशंटला स्वतःला आठवत नसलं तरी ती पावती एक्सरेवर असते.

मग पाणी काढायचं. त्यातलं एडीए नावाचं एन्झाइम तपासायचं, टीबीत ते बहुधा 40च्या वर जातं. आपल्याकडे लिंफोसाइट जास्त आणि एडीए जास्त एवढ्यावर टीबीची औषधं सुरू होतात, आणि टीबीचं प्रमाण पाहता तरुण पेशंटमध्ये हा निर्णय बहुतेक वेळा बरोबर ठरतो. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण एडीए क्वचित मेसोथेलिओमातही वाढतं. आणि एडीए कमी असूनही, वय साठीच्या पुढे असूनही, 'देऊन तर पाहू' म्हणून कोर्स सुरू केला आणि सहा महिने वाट पाहिली, तर ते सहा महिने पेशंटच्या खिशातून गेलेले असतात. या रोगात निदानानंतरचं आयुष्यच बऱ्याचदा वर्ष-दीड वर्षाच्या घरात असतं, हे लक्षात घेतलं की ते सहा महिने किती महाग पडले ते कळतं.

पाण्यातल्या पेशींची तपासणी, म्हणजे सायटॉलॉजी, करायचीच. तिच्यावर किती विसंबायचं हा खरा प्रश्न. मेसोथेलिओमात ती निम्म्याहून कमी पेशंटमध्ये काही ठोस सांगते. लांबट पेशींचा जो प्रकार असतो, त्याच्या पेशी पाण्यात सहसा सुटत नाहीत. 'कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत' हे वाक्य वाचून घरी पेढे वाटलेले लोक असतात. त्या वाक्याचा अर्थ एवढाच की या बाटलीत आढळल्या नाहीत.

पुढची पायरी सीटी स्कॅन, आणि तोही डाय देऊन, प्लुरा उजळेल अशा वेळी काढलेला. फुप्फुसावरण चहूबाजूंनी जाड झालंय का? गाठीगाठींचं झालंय का? जाडी एक सेंटिमीटरच्या वर आहे का? हृदयाकडच्या बाजूचं आवरणही धरलंय का? या चार गोष्टी दिसल्या की कॅन्सरची शंका दाट होते. कोणता कॅन्सर ते मात्र सीटी सांगत नाही. पेट स्कॅनचंही तसंच. तो कुठून तुकडा घ्यावा आणि रोग कुठवर गेलाय हे दाखवतो, पण टीबीही त्यात लखलखतो, आणि आधी पाणी थांबवायला छातीत टाल्क पावडर सोडली असेल तर तीही. पेट केला म्हणजे सगळं कळलं, हा समज आपल्याकडे फार पसरलाय.

रक्ताची एखादी तपासणी नाही का? मेसोथेलिन नावाचं प्रथिन मोजता येतं. काहींमध्ये ते वाढतं, पुष्कळांमध्ये वाढत नाही. त्यावर निदान करत नाहीत.

तेव्हा फिरून फिरून तुकड्यावरच यावं लागतं.

पूर्वी न बघता सुई घालून फुप्फुसावरणाचा तुकडा काढत. टीबी असेल तर हे चालून जातं, कारण टीबी सगळ्या आवरणभर पसरलेला असतो. कॅन्सर ठिकठिकाणी असतो, सुई नेमकी दोन गाठींच्या मधे जाते. 2003 मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले: न बघता घेतलेल्या बायोप्सीत कॅन्सर 47 टक्के वेळा पकडला गेला, सीटीत बघून घेतलेल्या बायोप्सीत 87 टक्के वेळा. पाणी भरपूर असेल तर त्याहून चांगला मार्ग म्हणजे थोरॅकोस्कोपी.

ती प्रत्यक्षात अशी होते. पेशंटला कुशीवर झोपवतात, रोगाची बाजू वर. पूर्ण भूल लागतेच असं नाही. झोपेचं हलकं औषध आणि जागा बधिर करणारं इंजेक्शन यावर काम भागतं. दोन बरगड्यांच्या मधे छोटा छेद. त्यातून सगळं पाणी काढतात, मग दुर्बीण आत. स्क्रीनवर छातीची आतली भिंत दिसते, आणि डॉक्टर पहिल्यांदा प्रत्यक्ष बघतो की काय आहे: कुठे पांढरट गाठी, कुठे नुसता जाड, कडक थर, कुठे अगदी निरोगी चकचकीत आवरण. मग चिमट्याने वेगवेगळ्या ठिकाणांहून अनेक तुकडे घ्यायचे, आणि घेताना खोल घ्यायचे, आवरणाखालची चरबी येईल इतके. याचं कारण पुढे येतंच. नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा यातून उत्तर मिळतं. त्याच बैठकीत पाणी पुन्हा होऊ नये म्हणून टाल्कही सोडता येतं. फुप्फुसावरण चिकटून गेलं असेल, दुर्बिणीला जागाच नसेल, तर सीटीत बघून सुईने किंवा सर्जनकडून.

मर्चंड यांच्या काळी हे एवढं सोपं नव्हतं. छाती उघडावी लागे. म्हणूनच कितीतरी निदानं शवविच्छेदनाच्या टेबलावर व्हायची.

स्लाइडवरचे दोन प्रश्न

तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे गेला की त्याला दोन वेगळे प्रश्न सोडवायचे असतात. बहुतेक लोकांना, काही डॉक्टरांनाही, वाटतं की प्रश्न एकच आहे.

पहिला विलिस यांचाच: ही गाठ इथली की दुसरीकडून आलेली? याचं उत्तर आता इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने मिळतं, लॅबच्या बोलीत आयएचसी. पेशीत अमुक प्रथिन असेल तर तिथे तपकिरी रंग उठतो. कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-1, डी2-40, सायटोकेराटिन 5/6 हे मेसोथेलियमच्या, म्हणजे या आवरणाच्याच पेशींच्या, बाजूचे साक्षीदार. टीटीएफ-1, सीईए, क्लॉडिन-4 हे फुप्फुसाच्या किंवा इतर ग्रंथींच्या कॅन्सरच्या बाजूचे. एकाच साक्षीदाराच्या जबानीवर निकाल देत नाहीत, कारण प्रत्येकजण कधी ना कधी खोटं बोलतो. मेसोथेलियमच्या बाजूचे किमान दोन होकारार्थी आणि विरुद्ध बाजूचे किमान दोन नकारार्थी आले पाहिजेत. लांबट पेशींच्या प्रकारात यांतले बरेचसे गप्पच बसतात, आणि तिथे सीटी बघितल्याशिवाय पॅथॉलॉजिस्टने एकट्याने निर्णय देऊ नये.

दुसरा प्रश्न जास्त अवघड: पेशी मेसोथेलियमच्या आहेत हे ठरलं, पण त्या कॅन्सरच्या आहेत का? छातीत नुसतं पाणी झालं, टीबी झाला, न्यूमोनिया झाला तरी या पेशी चिडून वाढतात आणि अक्राळविक्राळ दिसतात. वरचे सगळे साक्षीदार तिथेही मेसोथेलियम म्हणूनच साक्ष देतील, आणि ते खरंच असेल. इथे ती खोलवरची चरबी कामाला येते. चिडलेल्या पेशी पृष्ठभागाजवळच थांबतात. कॅन्सरच्या पेशी चरबीत घुसतात. तुकड्यात चरबीच आली नसेल तर पॅथॉलॉजिस्टच्या हातात पुरावा येत नाही. अलीकडे दोन-तीन नव्या तपासण्यांनी हे काम हलकं केलंय: बीएपी-1 किंवा एमटीएपी ही प्रथिनं पेशींतून नाहीशी झालेली दिसणं, किंवा फिश नावाच्या जनुक-तपासणीत सीडीकेएन2ए हे जनुक गळालेलं सापडणं. यातलं काही सापडलं तर कॅन्सर. न सापडल्याने कॅन्सर नाही असं ठरत नाही.

बीएपी-1चा आणखी एक धागा आहे. काही घराण्यांत हे जनुक जन्मतःच बिघडलेलं असतं, आणि तिथे मेसोथेलिओमा, डोळ्यातला मेलॅनोमा, मूत्रपिंडाचा कॅन्सर एकाच कुटुंबात दिसतात. पेशंट तरुण असेल तर घरच्यांचा इतिहास नीट घ्यायला हवा तो यासाठी.

प्रकार कोणता तेही रिपोर्टात यावं लागतं: एपिथेलिऑइड (ग्रंथींसारखा दिसणारा), सार्कोमॅटॉइड (लांबट पेशींचा) की मिश्र. पहिला सर्वांत जास्त आढळतो आणि त्यातल्या त्यात बरा चालतो, दुसरा वाईट. केमोथेरपी द्यायची की इम्युनोथेरपी हे काही अंशी यावर ठरतं. म्हणून नुसतं 'मेसोथेलिओमा' लिहिलेला रिपोर्ट अर्धाच समजायचा. हा रोग इतका दुर्मिळ, की एखाद्या पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर तो क्वचितच येतो. फ्रान्समध्ये म्हणून अशा स्लाइड तज्ज्ञांच्या राष्ट्रीय गटाकडे जातात, आणि मूळ निदान तिथे बदललं जाण्याचे प्रसंग बरेच असतात. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या केंद्रात ब्लॉक (मेणात बसवून ठेवलेला तुकडा) आणि स्लाइड पाठवून दुसरं मत घेता येतं. ब्लॉक हा पेशंटचा असतो. तो मागायला संकोच करू नये.

फॉर्मवर काय लिहायचं

दक्षिण आफ्रिकेने 2008 मध्ये ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसची, म्हणजे क्रिसोटाइलची आयात आजही होते आणि त्यातलं बहुतेक सिमेंटच्या पत्र्यांत जातं. निळ्या ॲस्बेस्टॉसचा धोका जास्त हे खरं. पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पांढऱ्यासकट सगळ्याच प्रकारांना माणसात कॅन्सर करणारं म्हटलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांविषयीच्या निकालात सांगितलं की प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद कामावर लागल्यापासून किमान 40 वर्षं, किंवा काम सुटल्यानंतर 15 वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर ठेवायची. न्यायालयाला रोगाचा उशीर बरोबर कळला होता. पण कंत्राटी कामगाराचं नाव मुळात हजेरीपटावरच नसतं, दारुखान्यात रोजंदारीवर आलेल्याचं तर नाहीच. त्याची नोंद त्याच्या तोंडी असते, आणि ती कुणीतरी विचारून कागदावर उतरवावी लागते.

तो कागद म्हणजे बायोप्सीसोबत लॅबला जाणारा फॉर्म. 'प्लुरल बायोप्सी, ?टीबी' एवढंच लिहून पाठवलं तर पॅथॉलॉजिस्ट टीबीच्या ग्रॅन्युलोमा (सुजेच्या बारीक गाठी) शोधतो, त्या नसल्या तर 'दीर्घकालीन सूज, टीबीचा पुरावा नाही' असं लिहून मोकळा होतो, आणि फाइल तिथेच घुटमळते. त्याऐवजी पाच ओळी लिहाव्यात. वय आणि बाजू. पाणी किती वेळा काढलं आणि एडीए किती. टीबीची औषधं किती महिने घेतली आणि त्यांनी फरक पडला का. सीटीत फुप्फुसावरण कसं दिसतंय. आणि पाचवी, '1974 ते 1988 बॉयलर लॅगिंगचं (आवरण चढवण्याचं) काम' किंवा 'पती ब्रेक लायनिंग कारखान्यात, कपडे घरी धुतले' अशी जी काही माहिती असेल ती, वर्षांसकट.